तिसऱ्या मजल्यावरच्या चादरी

मावशीकडे कपडे टाकायचे म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची, असं त्या इमारतीतले लोक म्हणायचे आणि तरी टाकायचे. कारण तिच्यासारखी धुलाई आणि इस्त्री आसपासच्या चार गल्ल्यांत कुणाला जमत नव्हती. तळमजल्यावर जिन्याला लागून तिची एक खोली. खोलीची खिडकी जिन्यात उघडायची. खिडकीशी टेबल, टेबलावर इस्त्री, आणि इस्त्रीमागे मावशीचे दोन डोळे. पोस्टमन असो, नळ दुरुस्त करणारा असो की कुणाचा नवा जावई असो, त्या डोळ्यांना चुकवून वर गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाकडे?" उत्तर मिळालं की लगेच दुसरा, "कशाला?" म्हणून तिचं नाव पडलं हवालदार मावशी. ते तिच्या कानावर आलं होतं. वाईट वाटून घेण्याऐवजी तिनं ते बढती मिळाल्यासारखं घेतलं.

या खोलीत ती सत्तावीस वर्षांची असताना आली. तेव्हा इस्त्री नवऱ्याच्या हातात असायची, ती नुसत्या घड्या घालायची. सहा वर्षांनी नवरा गेला. मुलगा लहान होता, घरभाडं डोक्यावर होतं. आठव्या दिवशी मावशीनं डोळे पुसले आणि इस्त्री तापवली. आता ती साठीला आली होती. मुलगा दुसऱ्या गावी संसाराला लागला होता आणि सूनबाई फोनवर "आमच्याकडे या ना राहायला" म्हणायची. फार गोड म्हणायची, आणि मावशीला नेमकं तेच खटकायचं.

माणसं तोंडानं काहीही सांगोत, खरं काय ते कपड्यांवरून कळतं, असा तिचा अनुभव होता. पहिल्या मजल्यावरचा कारकून रोज नऊला डबा घेऊन निघायचा. पण त्याच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग लागेनासा झाला, तेव्हा त्याची नोकरी गेल्याचं मावशीला त्याच्या बायकोच्या आधी कळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याच्या दोन अभ्र्यांपैकी एकच वापरलेला यायला लागला, आणि सहा महिन्यांत नवरा बॅग घेऊन निघून गेला. "मला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं," मावशी म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीटर वाचायला येणाऱ्या माणसावर तर तिचा अकरा वर्षं संशय होता. त्याच्याविरुद्ध कधी काही सापडलं नाही, यावरून तो किती पोहोचलेला आहे ते तिला कळत होतं.

संशयाच्या या फेऱ्यातून एकच माणूस सुटलं होतं, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. बाई शाळेत शिक्षिका होत्या. एकट्या, करारी, निवृत्त होऊन आठ वर्षं झालेल्या. मावशीच्या मुलाला त्यांनी चार वर्षं एक पैसा न घेता शिकवलं होतं. त्याची परतफेड म्हणून मावशी त्यांच्या घरच्या कपड्यांचे पैसे घेत नसे. बाई दर महिन्याला द्यायला जायच्या, मावशी दर महिन्याला भांडायची. रोज चार वाजता बाई खाली यायच्या, खिडकीच्या कट्ट्यावर दोन कप चहा व्हायचा, आणि दोघी मिळून इमारतीचा समाचार घ्यायच्या.

मग गावात सुट्टीला येणाऱ्यांची लाट आली. लाट म्हणजे काय, तर जिन्यात चाकांच्या बॅगांचा खडखडाट. भाडेकरूंना काढून लोक खोल्या दोन-दोन, तीन-तीन दिवसांसाठी पाहुण्यांना द्यायला लागले. मागच्या गल्लीतला शिंपी गेला, पलीकडच्या इमारतीतली नर्स गेली. एकाला औषध हवं होतं म्हणून शेजारचं दार वाजवलं, तर आतून टॉवेल गुंडाळलेला परका माणूस बाहेर आला. मावशीच्या "कुणाकडे?" या प्रश्नाला आता लोक मोबाईल पुढे करून पत्ता दाखवायचे. चार दिवसांनी तीच खोली, माणसं वेगळी. संशय तरी कुणाकुणावर घ्यायचा? तिला दम लागायला लागला.

ओरड वाढली तेव्हा नगरपालिकेनं नियम काढला. एका इमारतीत चारातलं एकच बिऱ्हाड पाहुण्यांना देता येईल, तेही परवाना घेऊन, आणि परवानेवाला स्वतः त्याच इमारतीत राहत असला पाहिजे. मावशीच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं, म्हणजे दोन परवाने. एक पहिल्या मजल्यावरच्या कंत्राटदारानं घेतला. दुसरा घेतला तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी.

ते ऐकून मावशीच्या हातातली इस्त्री थांबली. बाईंना परकी माणसं कधी खपत नसत. दारात अनोळखी चप्पल दिसली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आणि याच बाई आपली मागची खोली पाहुण्यांना देणार? "पेन्शन पुरत नाही का?" मावशीनं चहा ओतता ओतता विचारलं. "पुरते की," बाई म्हणाल्या आणि भलताच विषय काढला. इतकी वर्षं जिन्यावर नजर ठेवणाऱ्या मावशीला विषय बदललेला कळत नाही होय? तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती त्या दिवशी.

जिन्यातल्या फलकावर पालिकेनं यादी लावली होती. वर दोन परवानेधारक, खाली प्रतीक्षेत असलेले. प्रतीक्षेत एकच नाव होतं, मावशीच्या घरमालकाचं. तो चौथ्या मजल्यावर राहायचा आणि तळमजल्याची खोली त्याची होती. परवाना मिळाला की तीन महिन्यांची सूचना देऊन तो मावशीला बाहेर काढणार, हे उघड होतं. साठाव्या वर्षी दुसरी खोली कुठे मिळणार? गावातल्या खोल्या तर सगळ्या पाहुण्यांनी भरलेल्या. आणि खोली गेली की खिडकी गेली, खिडकी गेली की गिऱ्हाईक गेलं. मग राहायचं काय, तर सूनबाईच्या गोड बोलण्याच्या आसऱ्याला.

एक दिवस घरमालक खिडकीशी येऊन टेकला. "मावशी, तुम्ही निश्चिंत राहा हं. मी ते पाहुण्यांचं खूळ डोक्यातून काढून टाकलंय."

"का बरं?"

"कोण तो पालिकेचा ताप मागे लावून घेणार? नाव मागे घेतलं मी. बघा यादीत."

मावशी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी नव्हती. तो वर गेल्याबरोबर ती चष्मा लावून फलकापाशी गेली. त्याच्या नावावर पेनानं सरळ रेघ मारलेली होती. तिनं बोट फिरवून पाहिलं. शाई खरी होती. कित्येक महिन्यांनी त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

आठवड्यानं तो पुन्हा आला. या वेळी आवाज खाली आणून बोलला. "तिसऱ्या मजल्यावरच्या बाई हल्ली इथे राहतात ना?"

"राहतात की. का?"

"नाही, सहज. संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडताना दिसतात, येताना काही दिसत नाहीत. दोन्ही खोल्या पाहुण्यांना देऊन स्वतः दुसरीकडे राहत असतील, तर नियमात बसत नाही ते. मागच्या गल्लीत असंच एक प्रकरण पकडलं, तर पालिकेनं अख्ख्या इमारतीला बंदी घातली. एक पाहुणा येत नाही तिथे आता."

अख्ख्या इमारतीला बंदी! म्हणजे चाकांच्या बॅगा नाहीत, याद्या नाहीत, खोलीची चिंता कायमची मिटली. मावशीनं वर काही दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ती तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला लागली.

आणि लक्ष ठेवल्यावर दिसायला किती लागतं! मावशी सकाळी आठला खिडकी उघडायची; बाई उतरताना कधी दिसायच्या नाहीत, दहाला मात्र भरलेली पिशवी घेऊन जिना चढायच्या. संध्याकाळी सहाला पिशवी घेऊन उतरायच्या. सातला मावशी खिडकी लावायची, तोपर्यंत त्या परतलेल्या नसायच्या. चारच्या चहाला त्या येत होत्या, पण मध्येच घड्याळाकडे बघत होत्या. हे सगळं एकवेळ सोडून देता आलं असतं. कपड्यांचं काय करणार? मावशीनं गाठोडी आठवून पाहिली. दोन महिन्यांत बाईंकडून आल्या होत्या त्या फक्त पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरी. घरचं एक कापड नाही. बाईंच्या पलंगावरची निळ्या फुलांची चादर, जिच्या कोपऱ्याला मावशीनंच रफू केलं होतं, ती दोन महिन्यांत एकदाही आली नव्हती. माणूस जिथे झोपतो तिथली चादर दोन महिने न धुता चालते? बाईंसारख्या टापटिपीच्या माणसाची?

मावशीला आधी राग आला, मग रडू आलं. राहत नसाल तर नका राहू, पण मला सांगायचं तरी! इतक्या वर्षांचा चहा काय वाया गेला? आपल्याशीच लपवाछपवी केली याचं तिला जास्त लागलं. समोरासमोर विचारायचं मात्र तिला सुचलं नाही. संशयी माणसाची हीच गंमत असते, तो जगाला प्रश्न विचारतो आणि जिथे विचारायला हवा तिथे मूग गिळून बसतो.

तक्रारीचा फॉर्म घरमालकानंच आणून दिला. "नाव नाही लिहिलं तरी चालतं," तो म्हणाला. मावशीनं दार लावून घेतलं आणि टेबलावरचे कपडे बाजूला सारून फॉर्म भरायला बसली. नावाची जागा तिनं कोरी ठेवली आणि आपल्या हुशारीवर खूश झाली. खाली एक रकाना होता, 'वरील माहिती आपणांस कशी कळली?' इथे तिच्यातला हवालदार जागा झाला. पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं सविस्तर लिहिलं. घरचे कपडे किती दिवस आलेले नाहीत, निळ्या फुलांची चादर, तिच्या उजव्या कोपऱ्याचं रफू, सगळं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पालिकेच्या पेटीत टाकून आली.

दहा-बारा दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तपासनीस जिन्यात आला. "कुणाकडे?" मावशीनं सवयीनं विचारलं. "तिसरा मजला," तो म्हणाला. "कशाला?" हे विचारायची तिला गरज नव्हती. तिनं इस्त्री बंद केली, पाहुण्यांच्या घडी केलेल्या चादरी उचलल्या आणि त्या पोचवायच्या निमित्तानं त्याच्या मागोमाग वर गेली.

बाईंनी दार उघडलं. तपासनीस सभ्य होता. चप्पल बाहेर काढून आत गेला. "तुम्ही इथे राहत नाही अशी तक्रार आहे. नाव दिलेलं नाही, पण माहिती फारच पक्की दिली आहे म्हणून यावं लागलं." आणि त्यानं फाईल उघडून वाचायला सुरुवात केली. चादर आली. निळी फुलं आली. उजव्या कोपऱ्याचं रफू आलं.

बाई ऐकत होत्या. रफूपाशी त्यांनी मान वर केली आणि दारात उभ्या असलेल्या मावशीकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मावशी उलट बोलली असती. बाईंनी नुसतं पाहिलं, वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीच्या वहीत कॉपी सापडावी तसं. मावशीच्या हातातल्या चादरी जड झाल्या.

"या," बाई तपासनीसाला म्हणाल्या आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगावर निळ्या फुलांची चादर अंथरलेली होती. उशाशी चष्मा, औषधांच्या पट्ट्या, पाण्याचा तांब्या, अर्धवट वाचलेलं पुस्तक. बाईंनी ड्रॉवर उघडून चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवला. "घरचे कपडे मी मागच्या चौकातल्या मशीनच्या धुलाईत नेते. संध्याकाळी तिथे गर्दी नसते. कपडे होईपर्यंत बसते, आठपर्यंत परत येते. सकाळी आठच्या आत फिरायला उतरते, येताना भाजी आणते. अजून काही?"

"पण खाली इस्त्रीवाली असताना..." तपासनीसानं विचारलं.

"तिचा खांदा सहा महिने दुखतोय. हात वर होत नाही तिचा, पण कुणाला सांगत नाही. माझ्या कपड्यांचे ती पैसे घेत नाही आणि मी कपडे टाकले तर नको म्हणत नाही. पाहुण्यांच्या चादरींचे पैसे पाहुणे देतात, म्हणून त्या तिला देते. माझं ओझं कशाला टाकू तिच्यावर?"

मावशीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. खांदा दुखतो हे तिनं खरंच कुणाला सांगितलं नव्हतं. साऱ्या इमारतीच्या कपड्यांवर तिची नजर होती आणि तिच्या खांद्यावर बाईंची होती.

तपासनीसानं शेरा लिहिला. "तक्रारीत तथ्य नाही. माफ करा, तुम्हाला त्रास झाला." तो निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा. परवाना परत करायचा असेल तर काय करावं लागतं?"

"एक अर्ज आणि सही. पण नीट विचार करा, परत केलेला परवाना पुन्हा मिळत नाही."

"अर्ज आहे तुमच्याकडे?"

होता. बाईंनी उभ्याउभ्याच, कपाटाला कागद टेकवून सही केली. मावशी "बाई..." एवढंच म्हणाली. "चादरी ठेव तिथे खुर्चीवर," बाई म्हणाल्या.

चार वाजले तरी त्या दिवशी चहाला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी घरमालक आला आणि त्यानं खिडकीतून एक लिफाफा आत सरकवला. तीन महिन्यांची सूचना होती.

"तुम्ही तर नाव मागे घेतलं होतं!" मावशी ओरडली. "यादीत रेघ होती. मी पाहिली माझ्या डोळ्यांनी!"

"ती जिन्यातली प्रत, मावशी. खरी यादी कार्यालयात असते." तो हसला. "रेघ कुणी ओढली कोण जाणे. जागा रिकामी झाली, पुढचा नंबर माझा होता, बोलावलं त्यांनी."

"आणि बंदी? अख्ख्या इमारतीला?"

"तसं ऐकलं होतं बुवा मी."

मीटरवाल्यावर अकरा वर्षं संशय, दूधवाल्यावर संशय, पोटच्या मुलाच्या बायकोवर संशय; आणि ज्याच्यावर घ्यायचा त्याच्या शब्दावर ती पेनाची एक रेघ बघून भुलली होती! तिला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण फॉर्म तिनंच भरला होता आणि पेटीत तिनंच टाकला होता, हे ती कुणाला सांगणार होती? तो शीळ घालत वर निघून गेला.

त्या दुपारी तिनं तीन मजले चढायला फार वेळ लावला. बाईंनी दार उघडलं, पण त्या बाजूला झाल्या नाहीत.

"बाई, ती तक्रार मी केली."

"माहीत आहे मला. ते रफू तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"मला नोटीस आली. खोली जातेय माझी."

"तेही माहीत आहे."

मावशीच्या तोंडून भलताच प्रश्न बाहेर पडला, जो तिनं चार महिन्यांपूर्वी धडपणे विचारायला हवा होता. "तुम्हाला परकी माणसं घरात चालत नाहीत. मग तुम्ही परवाना घेतलात कशाला?"

"परवाने वाटत होते त्या दिवशी मी पालिकेत पेन्शनच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होते. तुझा मालक माझ्या मागे उभा होता. कुणाला तरी फोनवर सांगत होता, 'एक जागा कंत्राटदाराला गेली, दुसरी मला मिळाली की खालच्या म्हातारीला काढतो.' माझा नंबर त्याच्या आधी आला. मी दाखला राहू दिला आणि परवान्याचा फॉर्म मागितला. दोनच जागा होत्या. दोन्ही भरल्या की तुझी खोली सुरक्षित."

"मला सांगायचं होतं ना, बाई!"

"सांगितलं असतं तर तू उपकार अंगावर ठेवला नसतास. वर्षभर माझे पाय दाबायला आली असतीस. चार महिने परकी माणसं माझं न्हाणीघर वापरतायत. त्यांची ओली पायपुसणी मी झटकते. मनात म्हणायचे, असू दे, खाली खिडकी उघडी आहे ना."

दोघींच्या मध्ये उंबरा होता. मावशी रडत होती आणि डोळे पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. मग ज्यासाठी ती वर आली होती ते तिनं अखेर विचारलं.

"सही करताना माझी खोली आठवली नाही का हो तुम्हाला?"

"आठवली ना. तू समोरच उभी होतीस." बाईंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "आठवली, आणि तरी केली. रागानं केली. आता पस्तावते आहे, पण तेव्हा मुद्दाम केली."

आयुष्यभर मावशीनं समोरच्याचं बोलणं उलटंसुलटं करून पाहिलं होतं. हे तिनं उलटवून पाहिलं नाही. बाई खरं बोलत होत्या, यात तिला तिळमात्र संशय नव्हता.